येसबा गवळ्याची चाळण

माझी बायको इंदू गेल्या पौषात वारली. तेराव्याला सगळे जमलेले असताना नातीनं विचारलं, "आजोबा, आजीचं सिझर, आईचं सिझर, माझं पण सिझर. आपल्याच घरात असं का हो?" कोणी म्हणालं, हल्ली सगळ्यांचंच होतं. कोणी म्हणालं, नशीब.  खरं कारण मला माहीत आहे. ते मला एका म्हशीवाल्यानं माझ्या लग्नाच्याही आधी सांगितलेलं, आणि तेव्हा त्याचं थोबाड फोडावं असं मला वाटलेलं. त्या माणसाबद्दल लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका असतील त्या वाचणाऱ्यानं सांभाळून घ्याव्यात.

त्याचं नाव येसबा गवळी. ठाण्याची खाडी ओलांडली की कळव्याला त्याचा तबेला होता, अठ्ठावीस म्हशींचा. मूळ जुन्नरकडचा. सगळे त्याला आबा म्हणत. आम्ही पण जातीचे गवळीच. दिवा गावी आमच्या चार म्हशी होत्या, त्या एका महिन्यात घशाच्या रोगानं गेल्या. मग स्वातंत्र्याच्या पुढच्या वर्षी मी येसबाकडे धारा काढायला राहिलो.

माणूस भेटला की आपण तोंड बघतो. येसबा मागून बघायचा. मी पहिल्या दिवशी गेलो तर म्हणाला, "त्या खांबापतुर चालून ये." मी चालून आलो. "कंबर बरी हाय. ऱ्हा." एवढंच. माझं नाव शिवा, ते सुद्धा संध्याकाळी विचारलं.

तबेल्यात मोठ्यानं बोललेलं त्याला खपायचं नाही. म्हशीला काठी लावली तर त्याच दिवशी हाकलून द्यायचा. कोणी घरून भांडून आला तर त्याला ते लांबून कळायचं. त्याला गवताच्या गंजीवर बसवून ठेवायचा. "राग उतरू दे, मग बस धारंला. म्हशीला तुज्या बायकूचं भांडान नगं." आम्ही हसायचो, पण लांब जाऊन. त्याच्यासमोर हसायची कोणाची छाती नव्हती. तो चिडायचा नाही. नुसता बघायचा, आणि आपल्यात काय खोट आहे ते त्याला दिसलं असं वाटायचं.

तबेल्यात रुपी नावाची म्हैस होती. सोळा शेर दूध द्यायची. मी लागलो त्याच पावसाळ्यात ती विताना अडली. रेडकू काही मोठं नव्हतं, तिची वाटच अरुंद. येसबानं दंडापर्यंत तेल चोपडलं आणि हात आत घातला. डोळे मिटलेले. ती पाय झाडत होती आणि हा तिच्याशी हळूहळू बोलत होता, "हां माजी बाय, हां." शेवटी पायांना दोरी बांधून आम्ही दोघांनी ओढलं. रेडकू निपचित. येसबानं त्याच्या नाकपुडीला तोंड लावून फुंकलं, एकदा, दोनदा, पाच वेळा. मग ते शिंकलं. पारडी होती. मी नाचायचाच बाकी होतो. रुपीची पारडी म्हणजे पुढची वीस वर्षं दूध.

येसबा हात पुसत म्हणाला, "चौथ्या म्हैन्यात हिला कल्यानच्या बाजारात न्यायाची."

"आबा! रुपीची पारडी आहे ही!"

"म्हनूनच. आईची वाट घिऊन आलीया. उद्या हिची येळ आली तवा तू असशील का म्या असंन?"

ही त्याची रीत होती. जी म्हैस आपली आपण वितेल तिचीच पारडी वंशाला ठेवायची. ओढून काढलेली, सुई टोचून जगवलेली, दावणीला राहायची नाही. जीव मात्र वाचवायचा, त्यात कसर करायची नाही. रात्ररात्र बसायचा. आणि वाचवून विकायचा.

दुसऱ्या दिवशी रुपीला ताप भरला म्हणून ठाण्याहून ढोरांचा डॉक्टर आला. तरुण होता, उत्साही. नवीन औषध निघालेलं, पेनिसिलीन, त्याची सुई त्यानं दिली. म्हणाला, "येसबा, आता ही औषधं आली. एक पण जनावर मरायला नको."

येसबा तेव्हा भुसा चाळत बसलेला. त्यानं चाळण वर उचलून दाखवली.

"डाक्तर, देवानं अशी चाळन धरलीया. दनकट त्ये वर ऱ्हातंय, उरलेलं खाली पडतंय. तुमी खाली हात धरलाय. धरा, म्या न्हाई म्हनत न्हाई. पन झेललेलं पुन्यांदा चाळनीत टाकलं तर पुन्यांदा पडनार. त्येचं प्वारबी पडनार. मग जलमभर हात धरून बसा खाली."

"बसू की. त्यासाठीच तर पगार मिळतो," डॉक्टर म्हणाला आणि हसला. येसबा हसला नाही.

मला ते म्हशींचं बोलणं वाटलं. पुढे कल्याणला गेलो तोपर्यंत.

येसबाचा मुलगा तुका लग्नाचा झालेला. कल्याणला पारनाक्याजवळ एक मुलगी सांगून आली. बाप नव्हता, आई आणि मुलगी दोघीच. येसबानं मला बरोबर नेलं. कांदेपोहे घेऊन मुलगी आली. ती इंदू. येसबानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाला, "पोरी, पानी आन." ती आत गेली, आणलं. हा मागून बघत होता. तो प्याला संपवून म्हणाला, "अजून एक आन." आणलं. "अजून एक."

तिसरा प्याला इंदूनं त्याच्यापुढे आदळला. म्हणाली, "अजून तहान असेल तर विहीर मागच्या दारी आहे."

मला हसू फुटलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की हसू गिळलं. मी तिथेच संपलो.

येसबाला राग आला नाही. तो तिच्या आईकडे वळला. "बाई, हिच्या येळंला तुमाला काय झालं?"

त्या बाईनं लपवलं नाही. "दोन दिवस अडले होते. मग मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं. पोट चिरून काढली हिला."

येसबानं पोह्यांची बशी बाजूला सरकवली. "तुमी खरं बोललात, म्याबी खरं बोलतो. पोरगी आईची वाट घिऊन आलीया. चालतीया तशीच. माज्या घरात ही न्हाई चालायची."

दारात शेजारपाजारच्या बायका उभ्या होत्या. त्या सगळ्यांनी ऐकलं. आठवड्यात कल्याणच्या आमच्या सगळ्या जातीत झालं, ती चिरून काढलेली पोर. वर्षभर तिला कोणी बघायला आलं नाही. तुकाला त्यानं जुन्नरकडून बायको आणली, रुंद हाडाची. तिला पाच पोरं झाली. सुईण पाणी तापवेपर्यंत पोर बाहेर. म्हणजे येसबाचा हिशेब खोटा ठरला असं नाही. खोटा ठरला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी आईला घेऊन कल्याणला गेलो आणि इंदूला मागणी घातली. इंदूनं एकच विचारलं, "तुमच्या आबांनी पाठवलं नाही ना?" म्हटलं, आबांना माहीतच नाही.

येसबाला सांगितलं तेव्हा तो म्हशीच्या खुरातला खडा काढत होता. वर न बघता म्हणाला, "कर लगीन. पोरगी गुनाची हाय. पन प्वार व्हायाच्या येळंला मरंल."

"आबा, ती म्हैस नाही!"

"म्हैस असती तर इकून टाक म्हनलं असतं. बायकू इकता येत न्हाई म्हनून सांगतोय."

मी घमेलं फेकलं. आठ दिवस कामावर गेलो नाही. मग गेलो. दुसरं काम येत नव्हतं मला. लग्नाला तो आला, मागे बसला, दोनदा बुंदी मागून घेतली आणि निघून गेला.

आम्ही तबेल्याच्या मागच्या खोलीत राहायचो. दीड वर्षानं इंदूला दिवस गेले. मी येसबाला सांगितलं नाही. एके दिवशी ती विहिरीवरून हंडा घेऊन येत होती, तो नुसता बघत उभा राहिला. संध्याकाळी दारात आला.

"कितवा?"

"पाचवा," इंदूच बोलली.

"बाळंतपनाला कल्यानला जायाचं न्हाई. हितंच ऱ्हायाचं. पूल वलांडला की मोठा दवाखाना हाय. आईला हितं बोलीव." पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत त्यानं एका वाक्यात मोडली. आम्ही ऐकलं. मग म्हणाला, "आन् आजपासनं निम्मं खायाचं. अडनाऱ्या म्हशीची म्या शेवटाला पेंड तोडतो, तसं. प्वार बारीक राहिलं तर वाटंनं यील. चिरायची पाळी येनार न्हाई."

पाण्याचा प्याला आदळणारी इंदू. मला वाटलं, आता याला काहीतरी ऐकवणार. ती म्हणाली, "बरं आबा." भीती माणसाचं काय करते ते मी त्या दिवशी बघितलं. तिच्या आईला विचारलं तर ती पण म्हणाली, आमच्याकडे सुईणी असंच सांगतात, पोट रिकामं तर पोर हलकं.

दिवसाला दीड भाकरी. दूध नाही, तूप नाही, शेंगदाणा नाही. अठ्ठावीस म्हशींच्या तबेल्यात माझी गरोदर बायको भाकरी पाण्यात बुडवून खायची. येसबा रोज सकाळी दाराशी यायचा, "काल किती खाल्लीस?" ती सांगायची. तुकाच्या बायकोनं एकदा पदराआड दोन डिंकाचे लाडू आणून दिले. येसबानं ते बघितले आणि रुपीला चारले. तुकाची बायको रडली. "पोटुशी बाई आहे आबा, तळतळाट लागेल!" तो म्हणाला, "लागू दे मला. ती जगू दे."

तो वाईट नव्हता हे मला आत्ता लिहिताना कळतंय. त्याला ती जगायला हवी होती. त्याला जे येत होतं ते तो करत होता. आणि मी काय करत होतो? मी पण भाकऱ्या मोजत होतो. तिचे डोळे खोल गेले, नखं पांढरी पडली, आणि मला वाटत होतं, बरं चाललंय, पोट लहान दिसतंय. गेल्या पौषात, इंदू जायच्या आधी, तिला घास जात नव्हता. मी वाटी घेऊन बसायचो, एक चमचा, एक चमचा म्हणून, आणि ती तोंड फिरवायची. तेव्हा मला कळव्याची ती खोली आठवायची.

वैशाखात तिला कळा सुरू झाल्या. पहाटे पाणी गेलं. ऊन तापलं तरी काही नाही. सुईण म्हणत होती, पहिलटकरीण आहे, वेळ लागतो. आत इंदू ओरडत होती, मग ओरडायची थांबली. ते थांबणं वाईट होतं. येसबा अंगणात उभा होता. त्यानं बाहेरूनच सुईणीला विचारलं,

"डोकं उतरलं का?"

"उतरंल की. दम धरा."

"पानी पहाटं गेलंय. माजी म्हैस असती तर म्या एवढा दम धरला नसता. शिवा, उचल तिला."

दुधाच्या घोडागाडीतून कॅन खाली टाकले, गवत पसरलं, वर गोधडी. मी आणि सासू तिला धरून बसलो. येसबानं स्वतः लगाम घेतला. त्या घोड्याला त्यानं कधी चाबूक मारलेला नव्हता. त्या दिवशी मारला.

पुलावर गवताची बैलगाडी आडवी झालेली, चाक निखळलेलं. मागे सहा-सात गाड्या. बैलगाडीवाला आरामात विडी ओढत होता, म्हणाला, "सुतार आणायला गेलाय माणूस." येसबा खाली उतरला. गाडीत कोण आहे ते त्यानं सांगितलं नाही. तोंडातून शब्द न काढता त्यानं गवताचे भारे उपसून खाडीत फेकायला सुरुवात केली. तो गाडीवाला अंगावर धावून आला.

"ए म्हाताऱ्या, गवत कुणाचंय? डोकं फिरलं का?"

"मागं बाई मरतीया. मारायचं आसंल तर माघारी आलो की मार."

त्या माणसानं आमच्या गाडीत डोकावून बघितलं. विडी टाकली आणि तो पण भारे फेकायला लागला. मग मागच्या गाड्यांवरची माणसं आली. सगळ्यांनी मिळून रिकामी गाडी कठड्याला लावली. इंदूचा हात माझ्या हातात होता, तो गार होता. वैशाखात, भर दुपारी, गार.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला बघितलं, खालची पापणी ओढून बघितली आणि आमच्याकडे वळल्या. "पोट उघडावं लागेल. पण उघडू कशी? हिच्या अंगात रक्त कुठे आहे? खायला घालत नव्हतात?"

 सासू रडायला लागली.

येसबा पुढे झाला. "म्या सांगितलं व्हतं. निम्मं खा म्हून. प्वार बारीक ऱ्हावं म्हून."

"तुम्ही कोण?"

"म्हशी राखतो."

"मग म्हशीच राखा." त्या हळू बोलल्या, ओरडल्या असत्या तर बरं. "हिची वाट अरुंद आहे हे तुम्ही ओळखलंत?"

"व्हय. चालीवरनं."

"बरोबर ओळखलंत. मग पहिल्या महिन्यात का नाही आणलंत? अरुंद वाटेला आम्ही आहोत इथे. पोट चिरता येतं, शिवता येतं. रिकाम्या अंगाचं मी काय करू?"

येसबानं सदऱ्याची बाही वर केली आणि हात पुढे धरला. "माजं रगत घ्या."

"वय काय?"

"साठी झाली आसंल."

"नको. नवऱ्याचं बघा."

माझं जुळलं. मला आत नेलं तेव्हा मागे वळून बघितलं. बाही तशीच वर, हात तसाच पुढे, येसबा उभा होता. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

मुलगी झाली. रडली जोरात. बाहेर येसबा भिंतीला टेकून बसलेला. सासूनं जाऊन सांगितलं, आबा, पोरगी झाली. त्यानं मान वर केली नाही. विचारलं, "आन् आई?" आईचं सांगता येत नव्हतं. चार दिवस सांगता येत नव्हतं. ताप यायचा, उतरायचा, परत यायचा. तीच पेनिसिलीनची सुई, दर काही तासांनी. येसबा रोज दोन्ही वेळा पूल ओलांडून यायचा, फाटकाशी दुधाची चरवी माझ्या हातात द्यायचा आणि परत जायचा. आत यायचा नाही. मी चरवी घेऊन आत वळायचो.  ज्यानं तिला उपाशी ठेवली त्यानंच तिला वेळेवर आणली. दोन्ही एकाच माणसानं.

पाचव्या दिवशी ताप गेला तो गेला. इंदूनं डोळे उघडून पहिलं काय म्हणावं? "भूक लागली."

त्यानंतर येसबानं रीत बदलली का, असं तुम्ही विचाराल. नाही बदलली. ओढून काढलेली रेडकं तो विकतच राहिला. पण माणसांच्या चालीवर परत कधी बोलला नाही. एकदाच बोलला. मुलगी वर्षाची झाली, भिंतीला धरून उभी राहायला लागली, तेव्हा तिच्याकडे बघून म्हणाला, "शिवा, हिचीबी वाट तीच निघंल. राग नगं धरू. हिला शिकीव, आन् दिलीस तर दवाखान्याच्या जवळ दे. लांब खेड्यात नगं."

राग आलाच. पण पोरीला आम्ही टेंभी नाक्याला दिली, दवाखाना चालत जाण्याइतका जवळ. तिचं पोट कापावं लागलं. पुढे तिच्या मुलीचंही. सासू धरून चार पिढ्या झाल्या, चाळणीखाली कोणीतरी हात धरून बसलंय, आणि पुढेही बसावं लागणार. येसबाचं ते म्हणणं खरं होतं. नातीला मी हेच सांगणार आहे. पण हेही सांगणार आहे की त्या हातावर पडलेल्यांतलं एकही माणूस परत द्यायला मी तयार नाही. इंदूनं मला एवढी वर्षं धारेवर धरलं, त्यातला एक दिवस सुद्धा नाही.

मुलगी तीन वर्षांची असताना येसबाला तबेला सोडावा लागला. ती जागा चाळी बांधायला गेली. म्हशी विकून तो जुन्नरला गेला. मी ठाण्याला खोपटजवळ दुसऱ्या तबेल्यात लागलो. तेव्हा इंदूला परत दिवस गेलेले. डॉक्टरीणबाईंनी दिवस ठरवून दिला, या दिवशी सकाळी या, कळांची वाट बघू नका. मी येसबाला कार्ड टाकलं. का टाकलं, माहीत नाही. त्यात नुसता दिवस लिहिला.

त्या दिवशी मुलगा झाला. दोघं बरी. मी बाहेर आलो तर दवाखान्याच्या कुंपणाला टेकून येसबा बसलेला. पाय धुळीनं पांढरे, बाजूला काठी. खूप म्हातारा झालेला, अंगातलं मांस गेलेलं. कधी आलेला कोणास ठाऊक.

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. "आबा, मुलगा झाला. इंदू पण बरी आहे. बोलतेय."

त्यानं मुलाचं काही विचारलं नाही. माझं मनगट धरलं.

"खाऊन आलती का ती? पोटभर?"

"नऊ महिने, आबा. दूध, तूप, सगळं. मी स्वतः घातलं."

त्यानं मनगट लगेच सोडलं नाही.  मग काठीवर भार देऊन उठला. मी म्हटलं, "आत चला, बघून जा." त्यानं नको म्हणून हात हलवला, आणि उन्हातून रस्ता ओलांडून गेला.